उन्हात बंद, सावलीत चालू: जुन्या गाडीचा फ्युएल पंप दगा देण्याआधी

सेल्फ खणखणीत फिरतो, पण गाडी पकडत नाही. अर्धा तास थांबलं की काहीही न करता एका सेल्फमध्ये सुरू होते. हे गाऱ्हाणं मी दोन उन्हाळ्यांत चार मिस्तरींपुढे मांडलं. चौघांकडेही गाडी गेली ती सुरू अवस्थेतच. त्यांनी बॉनेट उघडलं, रेस दिली, कान लावला आणि 'काही नाही भाऊ, मस्त आहे' म्हणून चावी परत दिली. त्यांचीही चूक नाही. दुखणं दाखवायला दुखायला तर हवं!

गाडी 2007 सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी, इंजेक्शनवाली, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी. अमळनेरात घर, शेत, बाजार एवढ्यात तिने कधी कुरकुर केली नाही. तिचं रडगाणं फक्त लांबच्या रस्त्याला, चैत्र-वैशाखात, दुपारी 1 ते 4 च्या दरम्यान. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा माणूसही दुपारी बाहेर पडत नाही, तर गाडीने का पडावं, असं म्हणून मी पहिलं वर्ष काढलं.

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुराळी म्हणून ताईला आणायला शहाद्याला निघालो. बेटावद, नरडाणा, दोंडाईचा, मग सारंगखेड्याचा तापीवरचा पूल. सकाळी 8 ला निघायचं ठरलं होतं. मायने सांजोऱ्यांचा डबा बांधून देईपर्यंत साडेअकरा झाले. दोंडाईचा मागे पडलं आणि चौथ्या गिअरला गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी झाली. अॅक्सिलरेटर दाबतोय, वेग वाढत नाही. दोन-तीन झटके बसले आणि मग नुसता टायरचा आवाज. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागलेले, इंजिन बंद. उतार होता म्हणून एका निंबाच्या झाडापर्यंत घरंगळत पोचलो.

मोटरसायकलवरचा एक शेतकरी थांबला. 'काय व्हयनं भाऊ? पेट्रोल सरी गयं का?' काटा अर्ध्यावर होता. त्याने काही न विचारता स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं पाण्याने भिजवलं आणि इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या नळीवर गुंडाळलं. 'गयरं ऊन शे. थंड व्हऊ दे.' आम्ही निंबाखाली बसलो, सांजोऱ्या खाल्ल्या, शेतीच्या गप्पा झाल्या. 25 मिनिटांनी सेल्फ मारला तर गाडी चालू. तो मोठ्या समाधानाने उपरणं पिळून निघून गेला. मीही वर्षभर सगळ्यांना सांगत राहिलो की ओल्या फडक्याने गाडी सुरू होते.

फडक्याने काही झालं नव्हतं. 25 मिनिटांनी झालं होतं.

जुन्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्शनच्या आधीच्या, गाड्यांत पंप इंजिनावर बसलेला असायचा. इंजिनाच्या कॅमने तो हलायचा आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून आणायचा. ओढलं जाणारं पेट्रोल कमी दाबाखाली असतं, त्यात इंजिनाची धग. नळीतच त्याची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढत बसायचा. तिथे ओलं फडकं खरंच कामाचं. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप विजेवर चालतो आणि बहुतेक गाड्यांत तो टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो, तेही साधारण 3 बारच्या दाबाने. एवढ्या दाबाखाली नळीत वाफ सहसा होत नाही. त्यामुळे इंजेक्शनच्या गाडीला फडकं बांधणं म्हणजे पायाला लागलं आणि हाताला पट्टी. उलट ते पाणी ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलवर पडलं तर नवं दुखणं. ज्येष्ठ मंडळींना हे पटत नाही. आमच्या शेजारचे आप्पा अजूनही डिक्कीत गोणपाट ठेवतात, आणि त्यांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीपुरतं ते बरोबरच आहे.

बंद पडल्यावरची पहिली 10 मिनिटं

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून आधी सांगतो. असा दोष पकडायचा तर गाडी बंद असतानाच पकडावा लागतो, आणि तेव्हा जवळ मिस्तरी नसतो, तुम्हीच असता. गाडी गार होऊन सुरू झाली की पुरावा गेला. म्हणून बंद पडल्यावर लगेच फोन काढून फिरण्याऐवजी, गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित लावून, पुढचं करा.

चावी पूर्ण बंद करा आणि 15-20 सेकंद थांबा. मग रेडिओ, पंखा, एसी बंद, काचा वर, कुणी बोलायचं नाही. एकाने मागच्या सीटवर कान लावायचा, दुसऱ्याने चावी 'ऑन' करायची, सेल्फ मारायचा नाही. मागून 2-3 सेकंद बारीक 'घूंऽऽ' असा आवाज यायला हवा आणि मग तो आपोआप थांबायला हवा. इंजिन सुरू होण्याआधी पंप नळीत दाब भरतो, त्याचा तो आवाज. लागोपाठ चावी चालू-बंद केली तर काही गाड्यांचा कॉम्प्युटर दुसऱ्यांदा पंप फिरवत नाही, म्हणून मध्ये थांबायचं.

हा आवाज आपल्या गाडीचा कसा आहे हे आजच, गाडी चांगली असताना, ऐकून ठेवा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवलात तर आणखी बरं. मी हे केलं नव्हतं. त्यामुळे निंबाखाली आवाज येतोय की माझ्या कानात उन्हाने गुणगुण होतेय हेच मला कळेना.

आवाज आला आणि तरी गाडी पकडत नाही, तर पंपाच्या मागे लागू नका. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर हा दुसरा मोठा संशयित, कारण तोही तापला की बंद आणि निवला की चालू, हुबेहूब पंपासारखाच वागतो. ओळखायची एक खूण अशी: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडाही हलत नसेल तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला समजतच नाहीये. अशा वेळी चावी ऑन केल्यावर पंप 2-3 सेकंद घुमतो, पण सेल्फ मारताना कॉम्प्युटर त्याला फिरवत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी0335 असा कोड सापडला तर गाडी सेन्सरकडे बोट दाखवतेय. चावीच्या चित्राचा दिवा फडफडत असेल तर मामला इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या कुलपाचा, पेट्रोलचा नाही.

आवाज आला नाही तर फ्यूज आणि रिले, म्हणजे पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर पंपाचं चिन्ह असतं, बहुतेक पेट्रोल पंपाच्या नळाचं चित्र. अनेक छोट्या गाड्यांत तो 15 अँपिअरचा, म्हणजे निळा असतो. काढून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसते. तसाच निळा दुसरा लावा. तोही लगेच उडाला तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका, कुठेतरी वायर घासून बॉडीला लागतेय. आणि 15 च्या जागी हिरवा 30 चा लावायचा उद्योग तर मुळीच नको. फ्यूज वाचेल, वायरिंग जळेल, आणि ती वायरिंग टाकीपर्यंत जाते.

रिलेची परीक्षा सोपी. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा फॅनचा रिले तसाच असतो. वरचा नंबर आणि पायांची मांडणी तंतोतंत जुळत असेल तरच अदलाबदल करून बघा. पंप घुमला की दोष रिलेत. आमच्या ओळखीचा एक जण हॉर्नचा रिले पंपाला लावून चोपड्याहून अमळनेरला आला. अख्खा रस्ता हॉर्नशिवाय गाडी चालवणं हे पंप बदलण्यापेक्षा अवघड, असं त्याचं म्हणणं.

काही गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा एक स्विच असतो. अपघातात आग लागू नये म्हणून दिलेला, पण आपल्याकडच्या खड्ड्यांनाही तो कधी कधी अपघात समजतो. तुमच्या गाडीत तो आहे का आणि कुठे आहे ते पुस्तिकेत बघून ठेवा. वरचं बटण दाबलं की झालं.

शेवटची युक्ती थापेची. पंपाच्या मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले की मोटर एखाद्या जागी अडकून बसते. टाकीला खालून तळहाताने किंवा चपलेने थापा मारायच्या आणि त्याच वेळी दुसऱ्याने चावी ऑन करायची. मोटर कधी कधी सुटते. जॅकच्या दांड्याने किंवा दगडाने ठोकू नका, टाकी फुटली तर घरी पोचायचा प्रश्न राहणार नाही. थापेने गाडी सुरू झाली तर सरळ गॅरेजपर्यंत न्या, वाटेत चहालाही बंद करू नका.

पण थापेने सुरू झाली म्हणजे पंपच गेला असं मात्र समजू नका. माझं नेमकं इथेच चुकलं.

नवा पंप टाकला, तरी दुखणं परत

निंबाखालच्या त्या दिवसानंतर क्रमाने काय झालं ते सांगतो. आधी इग्निशन कॉइल बदलली, फरक नाही. मग क्रँक सेन्सर, फरक नाही. तिसऱ्या वेळी पारोळ्याजवळ गाडी पडली तेव्हा मागून आवाज नाही हे मी कानाने ऐकलं, चपलेने थाप मारली, गाडी चालू झाली. मी विजयी मुद्रेने गॅरेजात गेलो आणि म्हणालो, पंप. मिस्तरीने मागचं सीट उचललं, टाकीवरचं झाकण काढलं, पंपाचा कनेक्टर उपसून त्यात मीटर लावला. 12.3 व्होल्ट. 'करंट बरोबर येतोय दादा, म्हणजे पंपच गेला.' नवा पंप पडला. चार महिने गाडी सोन्यासारखी चालली. मार्चात ऊन चढलं, चाळीसगावला लग्नाला निघालो आणि तेच. तेच झटके, तीच शांतता, तीच 25 मिनिटं.

नवा पंप माल खराब म्हणून परत घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराने हात वर केले. त्या रागात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. गृहस्थ वयस्कर, दुकान टपरीएवढं, बोलणं त्याहून कमी. त्याने कनेक्टर काढलाच नाही. गाडी चालू ठेवली, कनेक्टर जागेवरच ठेवून मागच्या बाजूने वायरींच्या कडेने मीटरच्या पिना आत सरकवल्या. बॅटरीवर 13.9 होते. पंपावर 10.2.

'3.7 व्होल्ट कुठे गेले?' त्याने मला विचारलं. मला काय माहीत! त्याने माझं बोट धरून कनेक्टरवर टेकवलं. हात झटकन मागे आला, इतका तो तापला होता. मग गाडी बंद करून त्याने कनेक्टर उपसला. आतली एक पिन काळीनिळी पडलेली, भोवतालचं प्लास्टिक वितळून पिवळं.

गणित साधं आहे. छोट्या गाडीचा पंप साधारण 4-5 अँपिअर खेचतो. खराब जोडात 3.7 व्होल्ट वाया जात असतील तर 15-18 वॉटची उष्णता त्या एका पिनेत तयार होते. छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढीच असते. पिन जितकी तापते तितकी ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. वरून वैशाख. पंपाला वीज पुरत नाही, दाब पडतो, झटके बसतात, बंद. 25 मिनिटं थांबलं की पिन निवून पुन्हा टेकते. चपलेच्या थापेनेही टाकीवरचा तोच कनेक्टर हलायचा.

मग पंप बदलणाऱ्या मिस्तरीच्या मीटरने 12.3 का दाखवले? कारण कनेक्टर काढल्यावर त्या वायरीवर ओझंच नव्हतं. मीटर नावापुरता करंट घेतो. केसाएवढा जोड शिल्लक असला तरी तो पूर्ण 12 दाखवतो. रिकामी बैलगाडी कुठलाही बैल ओढेल, कापूस भरून बघा. टेस्ट लॅम्पचंही तेच, छोटा दिवा अर्धवट जोडावरही पेटतो. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते पंप जोडलेला आणि फिरत असताना. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत, आणि वेगळं बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या अर्थपर्यंत, म्हणजे त्याच्या मायनसच्या वायरीपर्यंत. दोन्हींपैकी कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर पंपाला हात लावायच्या आधी वायर, पिन, अर्थचा नट बघायचा. नवा पंप टाकल्यावर चार महिने गाडी चालली ती पंपामुळे नाही. कनेक्टर काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या गेल्या आणि थोड्या दिवसांपुरत्या साफ झाल्या, म्हणून.

म्हणजे माझा पहिला पंप मेलेला नव्हता, उपाशी होता.

एक खूण आधीपासून डोळ्यांसमोर होती. वर्षभर पेट्रोलचा काटा नाचत होता, अर्ध्यावरून एकदम शून्यावर आणि परत. मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, काटा वेडा झालाय. पण टाकीतल्या, पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची वायर आणि पंपाची वायर त्याच कनेक्टरमधून येते. काटा गेलं वर्षभर तेच सांगत होता.

दुरुस्ती किती? नव्या पिना आणि वायरीच्या शेपट्यांसकट कनेक्टर, अर्थची वेगळी जाड वायर बॉडीला रंग खरवडून घट्ट आवळलेली, आणि त्या गृहस्थाची मजुरी. पंपाच्या निम्म्याहून कमी खर्च. पुन्हा मोजलं तेव्हा पंपावर 13.6 होते.

मग पंप जातच नाहीत का?

जातात, आणि आपल्याकडे लवकर जातात. त्यातली बरीच करणी आपलीच.

टाकीतलं पेट्रोल हेच पंपाचं कूलंट आणि तेच वंगण. रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर पंप अर्धा उघडा पडतो, तापतो आणि वर तळाचा गाळ ओढतो. 200-300 रुपयांचं पेट्रोल टाकत राहणाऱ्या घरातल्या गाडीचा पंप आधी जातो, हे कुठल्याही गॅरेजात विचारा. उन्हाळ्यात काटा पावच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पैसे तेवढेच लागतात, फक्त आधी द्यावे लागतात.

सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्यांनी तर जास्तच जपावं. गाडी गॅसवर पळते म्हणून टाकीत 2 लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं. अनेक ठिकाणी किट बसवताना पेट्रोलचा पंप बंद करणारा रिले घातलेलाच नसतो. गाडी गॅसवर, आणि पंप मागे कोरड्या टाकीत फिरतोय. गाडी गॅसवर चालू असताना मागे कान लावा. घुमत असेल तर किटवाल्याकडून कट-ऑफ बसवून घ्या, तोपर्यंत निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

फिल्टर हा तिसरा. चोंदलेल्या फिल्टरमधून ढकलताना पंपावर जोर येतो, आवाज भुंग्यासारखा चढतो. काही गाड्यांत फिल्टर खाली नळीवर असतो आणि स्वस्तात बदलता येतो. काहींत तो टाकीतल्या मॉड्यूलमध्येच, म्हणजे पंप बसवलेल्या सांगाड्यातच असतो, मग त्याची कुणाला आठवणच राहत नाही. पंपाच्या तोंडाची जाळीही तशीच. माझ्या पंपाची जाळी काढली तेव्हा ती शेतातल्या ठिबकच्या फिल्टरसारखी काळी होती.

आणि इथेनॉल. आता पेट्रोल पंपावर 20 टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळतं. त्या मिश्रणाला धरून बनवलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासूनच्या. त्याआधीच्या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्या हिशेबाने निवडलेले असतीलच असं नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळ सोडवतं, तो सगळा जाळीवर येतो. याच्यावर रस्त्यावर उतरून भांडण्यात अर्थ नाही, निदान या कामासाठी तरी. जुनी गाडी महिनाभर उभी ठेवू नका आणि पाइप दर उन्हाळ्याआधी हाताने चाचपून बघा. चिकट, फुगलेला किंवा तडे गेलेला पाइप लगेच बदला.

पंप खरंच म्हातारा झाला की कशी खबर देतो? सकाळी पहिला सेल्फ लांबतो. रात्रभर नळीत टिकायला हवा तो दाब आतला व्हॉल्व्ह धरून ठेवत नाही. अशा वेळी चावी दोन-तीनदा, मध्ये थोडं थांबून, ऑन करून प्रत्येक वेळी 'घूं' संपू द्यायचं, मग सेल्फ मारायचा. यावर काही महिने निघतात. चढावर, भरलेल्या गाडीत, ओव्हरटेकला दम लागतो. गावात काहीच कळत नाही. गॅरेजात प्रेशर गेज लावून घ्या. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा दाब कमी असेल, किंवा रेस दिल्यावर पडत असेल, तर वेळ झाली. कोड पी0171 आला, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, तर पंपाचाही विचार करायचा.

आपल्या गावात, आपल्या सवडीने बदला

दीड लाख किलोमीटर झालेत, आवाज चढलाय, दाब कमी आहे आणि वैशाखात लांब जायचंय, तर पंप थंडीत, आपल्या गावात बदलून घेणं शहाणपणाचं. रस्त्यावर बदलायचा म्हणजे क्रेन, उपाशी पोरं आणि मिळेल तो माल. नुसती मोटर स्वस्त पडते, अख्खं मॉड्यूल तिच्या तिप्पट-चौपट. मिस्तरी हाताचा चांगला असेल तर मोटर आणि जाळी पुरते. पण मॉड्यूलचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं असेल तर तिथे कंजुषी नको. झाकणाखालची रबरी रिंग मात्र नवीच हवी. जुनी परत बसवली की फुल टाकी केल्यावर गाडीत पेट्रोलचा वास येतो.

हे काम घरी करायचं म्हणणाऱ्यांना माझा साधा विरोध आहे. तरी करणारच असाल तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळीतला दाब जाईल. मग बॅटरीचा मायनस काढा. टाकी जवळजवळ रिकामी असावी, सगळी दारं उघडी, जागा उघड्यावर. बल्बचा हॅंडलॅम्प नको, जवळ कुणी बिडी पेटवायला नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. ओसरीत चूल पेटलेली असेल तर अंगणातही नको.

पंप कुणीही बदलो, कनेक्टर उघडल्या उघडल्या स्वतः वाकून बघा. काळी पिन, पिवळं प्लास्टिक दिसलं तर त्याच बैठकीत बदलून घ्या.

डिक्कीतला डबा

मी काय ठेवतो: निळे, लाल, पिवळे फ्यूज दोन-दोन, पंपाच्या नंबरचा एक नवा रिले, स्वस्तातला डिजिटल मीटर, 4 मीटर लांब वायर दोन्ही टोकांना क्लिपा लावलेली, टॉर्च, हातमोजे, टोचन करायचा पट्टा, त्रिकोणी रिफ्लेक्टर, 5 लिटर पाणी. जास्तीचा पंप ठेवत नाही. रस्त्यावर टाकी उघडण्यात शहाणपण नाही. बाटलीत पेट्रोलही ठेवत नाही. 45 अंशात बंद डिक्कीत पेट्रोल ठेवणारा माणूस पंपाच्या काळजीत कशाला पडतो?

घाटाचा हिशेब वेगळा. कन्नडचा घाट, साक्रीपुढचा कोंडाईबारी किंवा बिजासन चढताना पंप कमजोर असेल तर तिथेच कळतं, कारण भार सगळ्यात जास्त तिथे. घाटाच्या पायथ्याला गाडी झटके देत असेल तर 'बघू, चढेल' म्हणू नका. सावलीत थांबा, निवू द्या, आणि शक्यतो पहाटे किंवा रात्री चढा. मध्येच इंजिन बंद पडलं तर दोन गोष्टी लक्षात हव्यात. ब्रेक दोन-तीन वेळा दाबेपर्यंतच हलके असतात, मग दगडासारखे होतात, म्हणून एकदाच दाबून धरायचा, पंपिंग नाही. आणि गाडी चालत असताना चावी पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ही हेल्पलाइन लावा.

डिझेलवाल्यांचं थोडक्यात. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरचं दुखणं बहुतेक हवेचं असतं: फिल्टरचा वायसर, पाइपचा जोड, टाकी कोरडी. हातपंपाने एअर काढली की काम होतं, आणि खान्देशातल्या शेतकऱ्याला ते शिकवायची गरज नाही. नव्या कॉमन रेल, म्हणजे खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या गाड्या मात्र कधीही कोरड्या पडू देऊ नका. त्यांचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर जगतो आणि गेला तर खिसा रिकामा करतो.

या वर्षी अखाजीला पुन्हा मीच मुराळी. निघायच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरली, सीट उचलून कनेक्टरला हात लावला, इंजिन अर्धा तास चालू ठेवल्यावरही कोमट. दुपारी 2 ला सारंगखेड्याच्या पुलावर होतो, एसी चालू, ताईचा फोन: 'निंबाखाली बसलाय का रे?' रिलेचा नंबर मी आता बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलाय. दाजींनी तो बघून त्यांच्या गाडीचाही लिहून मागितला, पण त्यांची गाडी डिझेलची निघाली.